हबसाणीचा कुणगा

आमच्या देव्हाऱ्यातली एक देवी म्हणजे नाण्यावरची बाई आहे, हे कळायला आमच्या घराला दीडशे वर्षं लागली.

बाकीचे पाच टाक ओळखीचे. कुलस्वामिनी, ग्रामदेवता, हातात तलवार घेतलेला वीर आणि आणखी दोन. सहावा मात्र गोल, जाड आणि हातात घेतला की इतरांपेक्षा जड लागणारा. त्यावर भरल्या अंगाच्या एका बाईचा चेहरा, उजवीकडे वळलेला. डोक्यावरून पदर, खांद्यावर खड्यांचा दागिना. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासल्याने तिचं नाक झिजून सपाट झालं होतं आणि डोळ्याच्या जागी नुसती खूण उरली होती. मागची बाजू कायम फळीला टेकलेली, म्हणून कमी झिजलेली. तिच्यावर दोन डोक्यांचा पक्षी आणि बारीक आकड्यांत १७८०. आम्ही त्या पक्ष्याला गंडभेरुंड म्हणायचो. आजी त्या देवीला 'हबसाणबाय' म्हणायची. सणाला सगळ्या देवांना वडे-खीर, पण हबसाणबायपुढे मात्र लहान वाटीत दूध आणि गुळाचा खडा. असं का, हे आम्ही मुलांनी कधी विचारलं नाही. घरातल्या रीती अशाच असतात, त्या हाताला येतात.

हर्णै बंदरापासून दीड कोसावर आमचं गाव. गावात आमच्या घराला अजून 'पलटणीचं घर' म्हणतात. माझे खापरपणजोबा इंग्रजांच्या मुंबई फौजेत शिपाई होते, 'हबसाणात' लढले आणि पुढे घरी येऊन शेती करत म्हातारे झाले, एवढी माहिती घरात सगळ्यांना होती. आणि हबसाण कुठे, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. बाणकोटची खाडी ओलांडली की समोर श्रीवर्धन, आणि तिथून पुढे जंजिऱ्यापर्यंत सिद्दीचा मुलूख. त्यालाच जुनी माणसं हबसाण म्हणत. त्यात नाण्यावर १७८०. म्हणजे पेशवाई, म्हणजे जंजिऱ्याची मोहीम, असा हिशेब आम्ही परस्पर जुळवून टाकला होता. शाळेत असताना मी निबंधही लिहिला होता की आमचे पूर्वज जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढले. त्याच निबंधात खापरपणजोबा इंग्रजांच्या फौजेत होते असंही लिहिलं होतं. या दोन वाक्यांमधली खाच माझ्या लक्षात आली नाही, आणि तपासणाऱ्या बाईंच्याही नाही.

खरं तर आजीच्या तोंडी चार वाक्यं होती, आणि त्यांतलं एकही जंजिऱ्याशी जुळत नव्हतं. आजी १९२८ च्या सुमाराला या घरात सून म्हणून आली, तेव्हा खापरपणजोबांची बायको, घरातली थोरली बाय, अजून हयात होती. ऐंशीच्या घरातली. दोन वर्षं आजीने तिचे पाय चेपले आणि गोष्टी ऐकल्या. त्यामुळे ही वाक्यं फार हातांतून आलेली नाहीत. थोरल्या बायने ती नवऱ्याकडून ऐकली, आजीने तिच्याकडून आणि मी आजीकडून.

"समिंदराचं पाणी चुलीवर ठेवून गोडं करीत व्हते."

"हत्ती बोटीत घालून नेले."

"गड उंच, आन वर राजा एकला."

"राजानं सोताच्या तोंडात गोळी घातली, पण हाती लागला नाय."

जंजिरा उंच गडावर नाही, भर समुद्रात आहे. तिथल्या किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. तिथे हत्ती कशाला न्यायचे? आणि तिथल्या कुठल्या सिद्दीने स्वतःवर गोळी झाडून घेतल्याची कथा नाही. तो किल्ला कोणाला घेताच आला नाही आणि त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी आजीची वाक्यं म्हातारीच्या भरकटलेल्या आठवणी समजून बाजूला ठेवली आणि माझा निबंध खरा धरला. त्याची बोच मला अजून आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात त्याने जे केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या पडल्या. आमच्या घराची अर्धी कौलं गेली, पडवी बसली. मी डोंबिवलीत, टाळेबंदीत अडकलेला. गावी वडील, धाकट्या चुलतभावाची बायको आणि तिची तीन वर्षांची मुलगी. चुलतभाऊ मस्कतला, विमानं बंद. कित्येक दिवस फोन लागत नव्हता. परवानगी काढून मी पोचलो तेव्हा भावजयीने देव्हारा ताडपत्रीखाली, धान्याच्या कणगीशेजारी आणून ठेवला होता. सगळे टाक ओले, काळे पडलेले. तिने ते अंगणात उन्हात मांडले आणि बऱ्याच दिवसांनी फोनला रेंज आल्यावर नवऱ्याला दाखवले, देव सुखरूप आहेत म्हणून.

पलीकडून तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, ती हबसाणबाय जरा जवळ धर. उलटी कर."

मी उलटी केली.

"दादा, ही बाय हितं मस्कतात, मत्राच्या बाजारात आहे. दुकानादुकानात. परातभर असतात."

दुसऱ्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला. पितळी परात आणि तिच्यात आमची देवी, पंचवीस-तीस वेळा. प्रत्येकीचं नाक शाबूत. प्रत्येकीच्या मागे तोच पक्षी, तोच आकडा.

ती मारिया थेरेसा, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी. १७८० साली ती वारली, पण तिच्या चेहऱ्याचं चांदीचं नाणं, थालर, तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर इतकं चालायचं की टांकसाळीने साल बदललंच नाही. पुढची दोनशे वर्षं जे पाडलं त्यावर १७८० च. डोक्यावरचा तो पदर वैधव्याचा. नवरा गेल्यावर तिने तो कधी उतरवला नाही. गंडभेरुंड म्हणजे तिच्या राजघराण्याचा दुतोंडी गरुड. नवं नाणं अठ्ठावीस ग्रॅमचं. दापोलीत सोनाराच्या काट्यावर आमचं सत्तावीसच्या जरा वर भरलं. उरलेलं दीडशे दसऱ्यांत राखेबरोबर गेलं. कडेला बोट फिरवलं तर अजून अक्षरं लागतात. लॅटिनमधली ती दोन नावं आहेत, न्याय आणि दया.

आणि हबसाण म्हणजे खरोखरचं हबसाण. ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. आमच्या शेजारच्या सिद्दींचे पूर्वज जिथून आले तो देश. खाडीपलीकडच्या मुलखाला ते नाव त्याच्यावरूनच मिळालं.

मग आजीची चारही वाक्यं एकामागून एक जागेवर बसली. तिथल्या सम्राट थिओडोरने व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, त्याने इंग्रज वकील आणि मिशनरी कैदेत टाकले. त्यांना सोडवायला १८६७ च्या अखेरीस मुंबईहून फौज निघाली. सेनापती रॉबर्ट नेपियर, मुंबई फौजेचाच मुख्य. सुमारे तेरा हजार लढाऊ माणसं आणि त्याहून कितीतरी जास्त हमाल, खलाशी, मोतद्दार. तांबड्या समुद्राच्या काठी झुला नावाच्या जागी सगळे उतरले. तिथे गोडं पाणी जवळपास नव्हतंच, तहानेने खेचरं मरत होती, म्हणून बोटींवर समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ धरून पाणी करत. चव्वेचाळीस हत्ती मुंबईहून जहाजांतून नेले होते, तोफा वाहायला. तिथून सहाशेहून जास्त किलोमीटर डोंगरातून चालत मगदला गड. १० एप्रिल १८६८ ला गडाखाली लढाई झाली. राजाची सातशेच्या आसपास माणसं मेली, इकडची दोन. १३ तारखेला गड घेतला तेव्हा राजाने तोंडात पिस्तूल घालून प्राण दिला होता. ते पिस्तूल राणीनेच त्याला भेट पाठवलेलं.

वाटेतल्या लोकांकडून धान्य, चारा, खेचरं घ्यायची तर त्यांना हेच नाणं लागायचं, दुसरं चालत नसे. म्हणून फौजेने ही नाणी लाखोंनी बरोबर नेली होती.

वाचत असताना मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते सातशे आणि दोन. ज्या लढाईच्या नावावर आमच्या घराला गावात मान होता, ती लढाई अशी होती. नंतर गड लुटला, जाळला. राजाचा सात वर्षांचा मुलगा विलायतेला नेला, तो अठराव्या वर्षी तिकडेच वारला. खापरपणजोबांनी घरात पाण्याची गोष्ट सांगितली, हत्तींची सांगितली, राजा हाती लागला नाही हे सांगितलं. आपण बंदूक चालवली की नाही, हे एकदाही सांगितलं नाही. आजीच्या वाक्यात 'हाती लागला नाय' याला एक वेगळा हेल असायचा, जरासा मानाचा. तो हेल थोरल्या बायचा असणार, आणि तिच्याकडे तो नवऱ्याकडूनच आला असणार, असं मी आता धरून चालतो.

या मोहिमेचं पदक शिपायांनाही मिळालं होतं. मधोमध राणीचा चेहरा, भोवती नऊ टोकांची चांदणी आणि टोकांच्या मध्ये एकेक करून त्या देशाच्या इंग्रजी नावाची नऊ अक्षरं. आमच्या घरात ते नाही. एका वाईट साली ते विकलं, एवढंच वडिलांना ठाऊक. नाणं मात्र विकलं नाही, कारण तोवर ते देव्हाऱ्यात बसलं होतं.

आता शेतीकडे येतो, कारण मला मुळात तेच सांगायचं आहे.

आमच्या वाड्याच्या खाली वहाळाच्या काठाने उतरत गेलेले सात कुणगे, म्हणजे भाताची बांध घातलेली खाचरं, आहेत. सगळ्यात खालचा आणि मोठा तो 'हबसाणी'. घरात कोणी 'हबसाणीत तरवा काढायला गेलेत' म्हटलं की कोणाला नवल वाटत नसे. त्याचा बांध पुरुषभर उंच, सगळा जांभ्या दगडाचा, चुना-माती काही नाही, नुसता दगडावर दगड. पावसाळ्यात वहाळ फुगतो तेव्हा पाणी त्याच्या कमरेला लागतं. निसर्ग वादळातही तो हलला नाही. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं की पलटणीतून परत आल्यावर खापरपणजोबांनी हा बांध घातला. शूर शिपाई, मग कष्टाळू शेतकरी, अशी ती गोष्ट होती.

साल कळल्यावर ती गोष्टही उसवली. १८६८ नंतरही ते बरीच वर्षं फौजेत होते, पेन्शन होऊन घरी आले ते पणजोबा चालते-बोलते झाल्यावर. आणि बांध तर त्याआधीचा. कुणगा हबसाणच्या पैशांतून झाला, म्हणून त्याचं नाव हबसाणी. महिना सात रुपये पगार आणि वर परमुलखाचा भत्ता. तो पैसा घेऊन दगड फोडणारे आणले कोणी, वहाळाचं वळण कुठे बांधायचं ते ठरवलं कोणी, खोताशी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराशी, बोलणी केली कोणी? घरात तेव्हा एकच मोठं माणूस होतं. जिचं वय अठरा-एकोणीस आणि जिला आम्ही पुढे थोरली बाय म्हणून ओळखलं ती. आमच्या घरातला शिपाई आणि शेतकरी ही दोन वेगळी माणसं होती. आम्ही दोघांची कामं एकाच्या नावावर लिहिली.

चाकरमानी म्हटलं की आपल्याला गिरणीतला माणूस दिसतो. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ ला सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून रत्नागिरी जिल्ह्यातली पोरं पलटणीत जात होती. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीला लष्करी ठाणं केलं, म्हणूनच जुनी माणसं कॅम्प दापोली म्हणतात. तिथे निवृत्त शिपायांची वस्ती वाढली. कोकणाचा पहिला चाकरमानी बंदूकवाला होता, आणि मागे राहिलेली बाई, भाजावळ (पेरणीआधी जमीन भाजणं), पेरणी, लावणी, खोत, सासू आणि पोरं हे सगळं एकटीने वाहणारी, ती तेव्हापासून आहे. फौजेनंतर गिरणी आली, गिरणीनंतर गोदी, मग आखात. तिचं काम तेच राहिलं.

दापोलीच्या त्या वस्तीचं आणखी एक सांगायला हवं. मुंबई फौजेत एकाच कंपनीत मराठा, महार, मुसलमान सगळे असायचे. पलटणीतून आलेल्या महार शिपायांनी तिथे लिहा-वाचायला शिकून घेतलेलं होतं आणि गावात परतल्यावर त्यांना पुन्हा वेशीबाहेर उभं केलं जात होतं. गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. पुढे सरकारने महारांची भरतीच बंद केली. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला होते. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात, आणि त्यांचे वडील मालोजीही फौजेतलेच. त्या घरातल्या मुलाने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

खोती आमच्याही मानगुटीवर होती. आम्ही अर्धेली कुळं. पिकलेल्या भातातलं अर्धं खोताच्या खळ्यावर पोचवायचं, वर वेठ. हबसाणीचा बांध आमचा, घाम आमचा, पैसा आमच्या माणसाने परमुलखात जिवावर उदार होऊन मिळवलेला, तरी त्यातलं अर्धं भात ऐंशी वर्षं खोताकडे गेलं. वडील १९३८ चे. खोताच्या खळ्यावर भाताची रास मापताना माणूस कसा उभा राहायचा ते त्यांनी मला एकदा उभं राहून दाखवलं होतं. खांदे आत घेऊन, मापाकडे न बघता. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने जमीन आमची झाली. कागदावर नाव लागलं ते आजोबांचं. त्याआधी पणजोबांचं होतं, कूळ म्हणून. थोरल्या बायचं नाव एकाही कागदावर नाही.

नाण्याचा उलगडा झाल्यावर मला वाटलं होतं की वडिलांना धक्का बसेल. जन्मभर जिला गंध-फूल वाहिलं ती ऑस्ट्रियाची राणी निघाली. मी जरा जपूनच सांगायला बसलो. ते पडवीच्या नव्या वाशाखाली सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं. फौज, झुला, मगदला, थालर.

"राणीचं काय म्हणतोस ते मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "पण ती देवी नव्हे, हे ठाऊक होतं. आईने सांगितलं होतं. ते पोरीचं आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लिहितो तसंच आहे, त्यात मी काही भर घातलेली नाही.

खापरपणजोबा मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांना एक मुलगी होती, वर्षाच्या आतली. मगदला पडला तेव्हा इकडे चैत्र होता, थोरली बाय वरकसात भाजावळ करत होती. फौज जूनमध्ये तिकडून निघाली, पण तोवर आपल्याकडे समुद्र बंद झालेला. नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईहून हर्णैला शिडाचा पडाव नाही. त्या आषाढात तिने एकटीने लावणी उरकली, चिखलात, पाठीवर घोंगडीची खोळ, आणि बांधावर छत्रीच्या आडोशाला पोर. पोरीला ताप भरला. तीन दिवसांत ती गेली. समुद्र उघडल्यावर पहिल्या पडावातून खापरपणजोबा उतरले, चिखलातून घरी आले, तेव्हा पाळणा माळ्यावर चढवलेला होता. त्यांनी काही विचारलं नाही. अंगरख्याच्या आतून नाणं काढलं आणि तिच्या हातात दिलं. पोरीच्या गळ्यात बांधायला आणलं होतं. कडी इथल्या सोनाराकडून लावून घेऊ, असा विचार होता.

थोरल्या बायने ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि पुढे दूध-गूळ ठेवला. त्यानंतर आठ वर्षांनी पणजोबा झाले. तोपर्यंत आणि त्याच्या पुढेही, ती असेपर्यंत रोज आणि ती गेल्यावर सणावारी, ती वाटी चुकली नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय," वडील म्हणाले. "तिथंच राहील."

चुलतभाऊ त्यानंतर दोन वर्षांनी गणपतीला आला. डोंबिवलीहून आम्ही सगळे, पुण्याहून दुसरा चुलता, घर भरलेलं. हबसाणीत भात पोटरीला आलं होतं. आजूबाजूच्या चार घरांनी डुकरं आणि माकडांच्या त्रासाने शेती सोडून दिली आहे, त्यांचे कुणगे रानाने भरलेत. आमची हबसाणी भावजयीने सोडलेली नाही. त्या आषाढातही मजूर मिळेनात तेव्हा तिने शेजारच्या दोन बायकांना घेऊन अंगावरच लावणी केली होती. भाऊ सकाळी उठून आधी बांधावर गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला.

आत आल्यावर त्याने बॅगेतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून बायकोच्या हातात दिलं. मत्राच्या बाजारातलं नाणं. तिकडे ते दागिन्यांत घालतात म्हणून त्याला चांदीची कडी आधीच जोडलेली होती. नवं, चकचकीत, बाईचं नाक धारदार, डोळा उघडा.

भावजय ते घेऊन देव्हाऱ्यापाशी गेली. जुनं नाणं उचललं, दोन्ही तळव्यांवर दोन्ही ठेवून जरा वेळ पाहिली. जुनं पुसून जागेवर ठेवलं, वाटीतलं दूध बदललं. मग करगोट्याचा काळा दोरा कडीतून ओवला, मुलीला हाक मारली आणि ती हलतेय म्हणून दोन गुडघ्यांत धरून तिच्या गळ्यात बांधला.